पाहुण्याला काम सांगा

सांगली जिल्हा १९४९ साली जन्माला आला तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. 'सांगली' हे नाव लागायला १९६० उजाडलं. म्हणजे कालपरवापर्यंत आम्ही सातारकरच होतो. पण हे आज सांगलीत मोठ्यानं बोलून पाहा! साताऱ्याला मुलगी द्यायची म्हटलं की सांगलीकर "लांब पडतंय हो" म्हणतो, आणि सांगलीला बदली झाली की सातारकर घरभाड्याच्या आधी पुराची रेषा विचारतो. मधे कऱ्हाड आहे म्हणून दोघांत निदान चहापाणी तरी होतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला परदेशी समजण्याचा असा पिढीजात सराव असल्यामुळे, खराखुरा परदेशी मुलगा वर्षभर मुक्कामाला येणार हे कळल्यावर आमची गल्ली मुळीच बावरली नाही. बावरला तो.

रोटरी क्लबांची यूथ एक्स्चेंज नावाची एक जुनी योजना आहे. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं शाळेचं एक वर्ष दुसऱ्या देशात, परक्या कुटुंबात राहून काढतात आणि तिकडची मुलं तशीच इकडे येतात. विश्रामबागेतल्या आमच्या समोरच्या काकांचा मुलगा या योजनेतून जर्मनीला, हॅनोव्हरजवळच्या एका गावात गेला आणि त्याच भागातला एक मुलगा काकांकडे आला. आता आमच्याकडे 'जर्मन' म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं. "समोर जर्मन आलाय" असं कानावर पडताच गल्लीतल्या एक आज्जी जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन खाली उतरल्या. दोन साड्यांवर काय देतो, हे विचारायची त्यांची तयारी पूर्ण होती.

योजनेचे चार नियम जगभर सारखेच असतात. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, प्रेमप्रकरण नाही आणि गाडी चालवायची नाही. काका ते वाचून म्हणाले, "पहिले तीन आमच्या वडिलांनीच लावले होते. त्याला परदेशातून कागद कशाला यायला पाहिजे?" चौथ्या नियमाशी मात्र सगळे अडखळले. घरातल्या पोरानं गाडी चालवायची नाही, तर मग दूध कोण आणणार? शेवटी तोडगा निघाला. चालवायची नाही, मागं बसायचं. मागं म्हणजे तिसरा. त्यानं हेल्मेट मागितल्यावर पुढच्या कॉलेजकुमारानं वळून विचारलं, "पुण्याला निघालोय काय?"

ही मुलं एक ब्लेझर घालतात आणि त्यावर देशोदेशीचे बिल्ले लावतात. तुझा बिल्ला मला, माझा तुला, अशी ओळख होते. सांगलीत ऑगस्टच्या दमट हवेत हा मुलगा ब्लेझर घालून बिल्ले वाटत उभा राहिला आणि बदल्यात त्याला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळाला. दुसऱ्या दिवशी शाळेत शाल, श्रीफळ आणि फेटा. मग सोसायटीत, मग वाचनालयात, मग काकांच्या पतसंस्थेत. महिन्याभरात त्याच्या खोलीत इतके नारळ साठले की काकूंनी आठवडाभर सोलकढी लावली. त्याचा बरेच दिवस असा समज होता की या देशात कुठल्याही घरात शिरलं की आधी सत्कार होतो आणि मग चपला काढायच्या.

ओळखी म्हणाल तर त्याला त्या कराव्याच लागल्या नाहीत. तो आला त्याच आठवड्यात कृष्णा वाढली. सांगलीत नदीचं पाणी आयर्विन पुलावर मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, आणि २०१९ साली ते ५७ फुटांवर गेलं होतं. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. त्यामुळे पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटल्यावर "कसं काय?" म्हणत नाहीत, "किती झालं?" म्हणतात. त्या मुलाचं पहिलं मराठी वाक्य तेच. एवढ्या भांडवलावर रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत कुणाशीही दहा मिनिटं बोलता येतं. शिवाय समोरचा माणूस २००५ सालच्या पुरापासून सुरुवात करत असल्यामुळे आपल्याला पुढचं वाक्य शिकायची गरजच पडत नाही.

उरलेलं संभाषण आमची माणसं सांभाळतात. मिरजेहून सांगलीला येईपर्यंत त्याला शेजारच्या प्रवाशानं आडनाव, वडिलांचा धंदा, पगार, शेती आणि बहिणीचं लग्न ठरलंय का, एवढं विचारून घेतलं. शेती आहे म्हटल्यावर तर डबा जागा झाला. काय पिकतं? बीट. बीट? किती खाणार? खायचं नाही, साखर करतात. आता ऊसवाल्या जिल्ह्यात बिटापासून साखर करतो म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन देव दुसरीकडे आहे म्हणण्यासारखं. पण पोरगा मुद्द्याला पक्का. बिटात साखर असते हे बर्लिनच्या मार्गग्राफ नावाच्या शास्त्रज्ञानं १७४७ सालीच दाखवलं आणि आज त्याच्या गावाकडे बिटाचे साखर कारखाने चालतात, हे त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून दिलं. डबा गंभीर झाला. टनेज विचारलं, दर विचारला, उतारा विचारला. शेवटी कोपऱ्यातल्या एका टोपीवाल्या बाबांनी मुळावर बोट ठेवलं : "ते सगळं ऱ्हाऊ दे. चेअरमन कोण?"

अशा रीतीनं सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याच्या ओळखीची माणसं दोनशेच्या घरात गेली होती आणि मित्र एकही नव्हता.

हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण आमच्याकडे माणूस एकटा पडण्याची सोयच नाही. खोलीचं दार लावून बसलं तर पोट बिघडलं असेल म्हणून ओव्याचं पाणी येतं. पण बारकाईनं पाहिलं तर दिसायचं, की पोरगा चोवीस तास माणसांत होता आणि चोवीस तास खुर्चीवर होता. गणेशोत्सवात मंडळाची पोरं रात्ररात्र बांबू बांधत होती, थर्माकोल कापत होती, एकमेकांना शिव्या घालत होती. हा मदतीला गेला तर "अरे, पाहुण्याला खुर्ची द्या!" मग तो खुर्चीवर. मिरजेत विसर्जनाच्या मिरवणुकीला रस्त्यावर भल्यामोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिथंही त्याला एका मंडपात बसवून फेटा बांधला. सगळं गाव नाचतंय आणि हा अध्यक्षस्थानी. घरात तर तांब्यासुद्धा उचलू देत नसत. तो ताट घेऊन उठला की काकू हातातून ओढून घेत : "ठेव रे बाळ, आम्ही आहोत की." आम्ही आहोत, हे खरंच होतं. तो कुठं होता, हा प्रश्न होता.

तिकडे काकांच्या मुलाचं नेमकं उलट चाललं होतं. त्याला तिथं कुणी विचारतच नव्हतं. पहिल्या रात्री जेवताना यजमानीणबाईंनी "अजून घेणार?" असं विचारलं. याच्यावर संस्कार चांगले. "नको," म्हणाला. आता 'नको' म्हणजे आग्रहाची पहिली फेरी संपली, दुसरीला सुरुवात करा, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईंनी मान डोलावली आणि भांडं उचलून आत ठेवलं. पोरानं त्या रात्री आईनं दिलेल्या भडंगावर भूक भागवली. काकूंनी पाच किलो भडंग बॅगेत कोंबलं होतं म्हणून जर्मनीचे आणि आमचे संबंध टिकले.

दुसऱ्या दिवशी त्याला घराची ओळख करून दिली. म्हणजे कचऱ्याची. कागद निळ्या डब्यात, पॅकिंगचं प्लास्टिक पिवळ्यात, भाजीची सालं वेगळी, उरलेलं काळ्यात. प्लास्टिकच्या बाटल्या फेकायच्या नाहीत, कारण त्यावर पंचवीस सेंट अनामत असते. त्या दुकानात परत करून पावती घ्यायची. भांडी घासायचं यंत्र संध्याकाळी रिकामं करायचं ते त्यानं. आठवड्यातून दोनदा कुत्रा फिरवायचा तोही त्यानंच. व्हिडिओ कॉलवर आपला मुलगा ताटल्या पुसून कपाटात लावतोय हे पाहून काकूंनी पदर डोळ्याला लावला. "माझ्या पोराला तिकडं भांडी घासायला ठेवलंय हो!" ज्या पोरानं सांगलीत स्वतःचं ताट कधी उचललं नाही, त्याला चमचे मोजताना पाहून काकांनाही भरून आलं, पण ते वेगळ्या कारणानं.

मग आले वाढदिवस. दोघांचेही ऑक्टोबरात. जर्मन माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देत नाही. ते अशुभ मानतात. त्या मुलाला हे पक्कं ठाऊक, पण आमच्या चौकातल्या मंडळाला कसं ठाऊक असणार? चार दिवस आधी फ्लेक्स लागला. 'जर्मनीची शान, विश्रामबागची जान' आणि खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो, त्यातले नऊ गॉगल लावून फोनवर बोलणारे. उत्सवमूर्ती कोपऱ्यात, बोटाएवढी. फ्लेक्स पाहून पोरगा पांढराफटक पडला. मुळात पांढराच, त्यामुळे काकूंना जरा उशिरा कळलं. कळल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. जर्मन अपशकुनावर सांगलीचा उतारा चालतो की नाही, याची चर्चा पुष्कळ झाली. वर्षभर त्याला साधं पडसं झालं नाही, एवढं खरं.

तिकडे वाढदिवसाच्या दिवशी आपला मुलगा शाळेत दिवसभर वाट पाहत बसला. कुणी केक आणेना. वर्गातली मुलं याच्याकडे आशेनं बघतायत आणि हा त्यांच्याकडे. संध्याकाळी उलगडा झाला : तिथं ज्याचा वाढदिवस असतो, त्यानंच केक न्यायचा असतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे जन्माला यायचं त्यानंच आणि खर्चही त्यानंच?"

दिवाळीत काकांच्या साताऱ्याच्या बहिणीनं त्या मुलाला आठ दिवस बोलावलं. तीही त्याची आत्याच झाली. आमच्याकडे माणूस दारात उभा असतानाच नातं लावून टाकतात. ही रीत परदेशात नेणारी आपली पहिली माणसं थोर होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा रोझेल गावच्या ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, त्यांना त्यांनी मावशीच करून टाकलं. नात्याचा फायदा असा, की परक्याला काम सांगता येत नाही, भाच्याला सांगता येतं. काकूंना हे अजून सुचलं नव्हतं. साताऱ्यात मात्र त्याला पोचायचाच अवकाश.

आत्याच्या घरासमोर गल्लीतल्या पोरांचा दिवाळीचा किल्ला चालला होता. विटा रचलेल्या, वर गोणपाट, आणि लाल मातीचा चिखल. वाद रंगला होता अजिंक्यतारा करायचा की प्रतापगड. एक पक्ष म्हणत होता, अजिंक्यतारा खिडकीतून दिसतोय, बघून करता येईल. दुसरा पक्ष म्हणत होता, दिसतोय तर करायचा कशाला? या दोन्ही पक्षांवर चौथीतली एक मुलगी राज्य करत होती. हातात फावडं, फ्रॉकला चिखल. जर्मन पाहुणा कंदी पेढा खात, हात मागं बांधून, अध्यक्ष उभे राहतात तसा उभा राहिला. तिनं एकदाच वर बघितलं. "ए, नुसता उभा काय ऱ्हायलायस? चिखल कालव!"

आत्या आतून धावत आल्या, "अगं, पाहुणा आहे तो!" तोवर पाहुणा गुडघ्यांवर बसला होता. चिखल घट्ट झाला म्हणून त्याला बोलणी बसली. मग सैल झाला म्हणून बसली. बुरूज वाकडा बांधला म्हणून तिनं तो पाडून टाकला आणि परत बांधायला लावला. त्यानं पाणी वाहून जायला पायथ्याशी एक बारीक नाली काढली. ती पसंत पडली, पण कौतुक न करता तिनं फक्त अळीव पेरायचं काम त्याच्याकडे सोपवलं. संध्याकाळी मावळे मांडताना कुणीतरी त्याला "मर्दा, जरा सरक की" म्हणालं. रात्री तो घरी आला तेव्हा फक्त डोळे निळे दिसत होते आणि इतका हसत होता, की आत्यांना वाटलं ऊन लागलं.

आत्याचे सासरे, आबा, ओट्यावरून हे सगळं बघत होते. ते रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या पोरांसाठी एकच बोर्डिंग सुरू केलं. पैसे नव्हते, पोरं मात्र येत राहिली. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजी ते बोर्डिंग पाहून गेले. स्वावलंबी शिक्षण हेच संस्थेचं ब्रीद. पोरं शेतात राबायची, स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची. एरवी गावात जी एकमेकांच्या विहिरीवर चढू शकत नव्हती, तीही. याहून अवघड एक्स्चेंज प्रोग्रॅम त्या काळी पासपोर्ट काढूनसुद्धा मिळाला नसता. आबांना विचारलं, पोरांची मैत्री कशी व्हायची? म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं न्हाई, की ह्याच्याशी मैत्री कर म्हणून. लाकडं फोडायला दोघांत एक कुऱ्हाड दिली. झाली मैत्री."

आबांचं वाक्य सांगलीला पोचलं. पोचवलं त्या मुलानंच. परतल्यावर पहिल्या जेवणानंतर तो ताट घेऊन उठला, काकूंनी नेहमीप्रमाणे हात पुढं केला, तर हा ताट सोडेना. "काकू, मी पाहुणा नाही. काम सांगा." काकू दोन मिनिटं गप्प. मग आत जाऊन गव्हाचा डबा घेऊन आल्या. "दळण आण. चपातीचं म्हणून सांग, भाकरीचं नव्हे. आणि समोर उभं ऱ्हा, नाहीतर दुसऱ्याच्या ज्वारीवर टाकतोय तो."

दळण घेऊन जाणाऱ्या माणसाला कुणी सेल्फी मागत नाही. हा शोध त्याला गिरणीच्या रांगेत लागला. तिथं त्याला फेटा बांधला नाही, उलट मधे घुसतो म्हणून एका मुलानं ढकललं. हा म्हणाला, माझा नंबर आहे. तो म्हणाला, नाही. भांडण झालं. दोघांच्याही केसांवर पीठ. गिरणीवाल्यानं दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर पायरीवर बसून ते दोघं जे बोलायला लागले, ते जूनपर्यंत थांबले नाहीत. तोच मुलगा पुढं त्याला हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर घेऊन गेला, हळदीच्या सौद्याला घेऊन गेला, आणि क्रिकेटमध्ये सलग तीन सामने त्याला बॅटिंग न देता नुसतं फिल्डिंगला ठेवलं. बॅटिंग देतात ती पाहुण्याला.

आणि जर्मनीत? जर्मन गावांत अग्निशमन दल बहुतेक ठिकाणी गावातल्या स्वयंसेवकांचंच असतं आणि पोरांसाठी त्याची वेगळी शाखा असते. काकांच्या मुलाला यजमानांनी तिथं नेऊन सोडलं. दर आठवड्याला पाण्याचे पाईप पसरायचे, जोडायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. काकू हादरल्या : "आग विझवायला पाठवलंय का माझ्या पोराला?" आग काही लागली नाही. पण ओला पाईप एकट्यानं गुंडाळता येत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. शाळेत त्यानं ताजमहाल, योगासनं आणि गणेशोत्सव यांवर सुंदर स्लाइड-शो केला होता. त्यावर टाळ्या पडल्या आणि मुलं घरी गेली. पाईपच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा मात्र त्याला पुढच्या रविवारी जेवायला घेऊन गेला. तारीख तीन आठवडे आधी ठरवून, पण घेऊन गेला. या वेळी "अजून घेणार?" म्हटल्यावर त्यानं "हो" म्हटलं.

जूनमध्ये दोघंही आपापल्या घरी परतले. आपला मुलगा सांगलीत उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीपुढं चार पिशव्या घेऊन उभा राहिला. गाडीवाला गाडीत दोनच कप्पे घेऊन आला होता. तो एकदा पिशव्यांकडे आणि एकदा पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. तिकडे हॅनोव्हरजवळच्या त्या गावात, जर्मन मुलानं बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना पगार विचारल्याची तक्रार आहे. दोन्ही देशांनी एवढं सहन करायला हरकत नाही.

आता पुढच्या वर्षी काकांकडे ब्राझीलची एक मुलगी येणार आहे. काकूंनी फ्रिजवर यादी लावून ठेवलीय. पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि सत्कार. दुसऱ्या दिवसापासून दळण, कढीपत्ता, गच्चीवरचे कपडे आणि कुंड्यांना पाणी. मुलालाही वाटून दिलंय. काकांनी चष्मा लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि समाधानानं म्हणाले, "छान. माझं नाव दिसत नाही."

"कसं दिसेल?" काकू म्हणाल्या, "तीस वर्षं झाली, या घरात पाहुणे तुम्हीच."